हनुवटीवरचा पेनचा नकाशा

खालचा जबडा पुढेमागे सरकवण्याचं ऑपरेशन झालं, सूज उतरली, आरशातला चेहरा आवडू लागला की रुग्ण दबक्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, ओठ अजून भूल दिल्यासारखाच आहे. असाच राहणार का?" ओठाखाली चिकटलेलं भाताचं शीत समोरच्याला दिसतं, त्याला कळत नाही. चहा ओघळल्याचं शर्ट ओला झाल्यावर समजतं.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. मागे, दाढांच्या वरच्या अंगाला ती हाडात शिरते, मुळांखालून पुढे येते आणि उपदाढांच्या खाली बाहेर पडते. ओठ आणि हनुवटी हा तिचा मुलूख. रिचर्ड ट्राउनर आणि हुगो ओब्वेगेसर यांनी 1957 मध्ये इंग्रजी वाचकांसमोर मांडलेल्या पद्धतीत हे हाड उभं चिरून त्याच्या दोन फळ्या करतात आणि त्या एकमेकींवरून सरकवतात. नस नेमकी त्या दोन फळ्यांच्या मधे. शल्यचिकित्सकाचा हात कितीही सवयीचा असो, तिला थोडा ताण, थोडा दाब बसतोच.

किती बसला, यावर पुढचं सारं अवलंबून. हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये नसेच्या इजेचे केलेले तीन प्रकार आजही कामाला येतात: तंतू शाबूत पण संदेश थांबलेला, आतला तंतू तुटलेला पण वेष्टन टिकलेलं, आणि सगळंच तुटलेलं. पहिल्यात काही आठवड्यांत जाग येते. दुसऱ्यात तंतू पुन्हा वाढावा लागतो, आणि तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. जबड्याच्या मागून हनुवटीपर्यंतचं अंतर पाहिलं की महिने का लागतात ते उमगतं.

म्हणून संवेदना परत आणण्याच्या कामातलं खरं कसब करंटच्या मशीनच्या आधी सुरू होतं. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं. कापसाचा पीळ, टाचणीचं टोक, कंपासची दोन टोकं. ब्रश वर गेला की खाली? बधीर भागाच्या आतून बाहेर येत, जिथे स्पर्श जाणवतो तिथे पेनने ठिपका द्यायचा, ठिपके जोडून फोटो काढायचा. पुढच्या खेपेला ती रेघ थोडी आत सरकलेली दिसली, की रुग्णाचा चेहरा उजळतो. "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यालाही फोटो खरं सांगतो.

आता करंट. कॅनडातल्या टेसा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उंदरांवर दाखवलं, की नस जोडल्यावर लगेच सेकंदाला 20 वेळा असा करंट फक्त एक तास दिला, तर एरवी आठ-दहा आठवडे घेणारं काम तीन आठवड्यांत होतं. तंतूचा वेग वाढत नाही, जखम ओलांडायला होणारा उशीर कमी होतो. संदेश मागे तंतूच्या मूळ पेशीपर्यंत जातो आणि तिथे वाढीची तयारी सुरू होते. पुढे माणसांच्या बोटांतल्या कापलेल्या नसांना टाके घातल्यावरही या एका तासाने स्पर्श अधिक चांगला परतला. संवेदनेच्या तंतूंवर जास्त तास करंट देऊन जास्त लाभ होत नाही, हेही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

जबड्यात अडचण जागेची आहे. त्या प्रयोगांत करंट जखमेच्या मागच्या बाजूला दिला होता, आणि इथे ती बाजू खोलवर आहे. हनुवटीवर पॅड लावून दिलेला करंट तुटलेल्या तंतूच्या पलीकडून मूळ पेशीपर्यंत पोहोचत नाही. दुकानात मिळणारं टेन्स मशीन मुळात वेदना कमी करण्यासाठी आहे. ते घेऊन महिनोन्‌महिने हनुवटीवर लावत बसणाऱ्याला कोणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं. पैशांपेक्षा त्याची आशा वाया जाते.

त्याउलट एक साधा व्यायाम फार कमी ठिकाणी शिकवला जातो. आरशासमोर बसून मऊ ब्रश ओठाखाली वर-खाली फिरवायचा, आधी बघत, मग डोळे मिटून, दिशा ओळखत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या चाचणीत असा सराव करणाऱ्यांना बधिरपणाचा जाच कमी वाटला. नस वेगाने वाढते असं नाही. येणारे अर्धवट संदेश मेंदू वाचायला शिकतो. मुंग्या, मधूनच बारीक झटके हे बहुधा जाग येत असल्याचं लक्षण. सतत आग होत असेल तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावं.

जबड्याचं ऑपरेशन ठरत असेल, तर तारीख घेण्याआधी ओठ-हनुवटीच्या संवेदनेची तपासणी नोंदवून मागा आणि बधिरपणाची शक्यता किती, हे विचारा. ऑपरेशननंतर जाग येईपर्यंत हनुवटीला गरम पिशवीचा शेक देऊ नका. भाजलं तरी कळणार नाही.