बांधावरचा वारसा

इंदूरच्या लालबागेत सकाळी फिरावयास जाणाऱ्या आम्हां मंडळींची नजर सपाटीला सरावलेली. माळव्याची काळी जमीन आणि तीत डोलणारा गहू, हीच शेती आम्ही लहानपणापासून पाहिली. फिलिपाइन्समधील इफुगाव प्रांतात डोंगरउतारावर पायऱ्या कोरून भात पिकवितात व त्या पायऱ्यांना १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, हे वाचले होते. आपल्या सह्याद्रीतही तशी शेती आहे असे कळले, तेव्हा एका आषाढात आम्ही चौघे आग्रा–मुंबई रस्त्याने निघालो आणि नाशिक मागे टाकून घोटीहून अकोले तालुक्याकडे वळलो.

बारी गावापासून कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर दिसावे. पण त्या दिवशी ते ढगात होते. पुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठाने रतनवाडीपर्यंत दुतर्फा भातखाचरे. उतार बेताचा तेथे खाचर ऐसपैस, उतार तीव्र तेथे चटईएवढे. वरच्या खाचरातले पाणी बांधाला ठेवलेल्या वाटेने खालच्यात उतरते. जेथे पाणी थांबत नाही, त्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई.

लावणी चालू होती. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या राबावर वाढलेली रोपे उपटून, चिखलणी केलेल्या खाचरात लावीत बायका वाकून मागे मागे सरकत होत्या. पाठीवर इरली, वर अखंड पाऊस.

एक वृद्ध शेतकरी मात्र लावणी सोडून ढासळलेला बांध रचीत होते. आम्ही विचारले, "आजोबा, हे बांध कोणी घातले?"

"बापजाद्यांनी. पण दर सालाला परत घालावेच लागतात. पोरं नाशिकला कामाला. हात कमी पडतात."

इफुगावातही हेच घडले. माणसे गेली, पायऱ्या ढासळल्या आणि २००१ साली तो वारसा धोक्याच्या यादीत गेला. २०१२ साली तो तीतून बाहेर आला. अकोल्यात बांधांबरोबर बियाणेही जपावे लागते. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण सांभाळले. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली.

लालबागेचा राजवाडा १८८६ साली सुरू होऊन १९२१ साली पुरा झाला. त्याच्याशी होळकरांचे नाव जोडलेले आहे. त्या बांधांवर कोणाचेच नाव नाही, आणि एक पावसाळा दुर्लक्ष झाले तर ते उरतही नाहीत.

निघताना आजोबांकडून दोन पायली काळभात घेतला. काळ्या तुसाचा, आत पांढरा. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तो शिजला, तेव्हा त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत गेला. त्यांनी विचारले, हा तांदूळ कुठला? आम्ही प्रथम सांगितले ते बांधाविषयी.