तावाचा हिशेब

लहान व्यवसायाच्या छपाईखर्चाचा विचार करताना दराची घासाघीस हाच बचतीचा राजमार्ग समजला जातो. परंतु छापखान्याच्या व्यवहाराची घडण पाहिली, तर दर उतरवण्यास तेथे फारच थोडा वाव असतो, आणि तो पुरता वापरून घेतला तरी वाचणारी रक्कम ही कागदाचा आकार, प्रतींची संख्या आणि मजकुराची शुद्धता यांविषयी घाईने घेतलेल्या निर्णयांत वाया जाणाऱ्या रकमेपेक्षा बहुधा लहानच भरते. हे निर्णय यंत्र सुरू होण्यापूर्वी, ग्राहकाच्या घरी किंवा डीटीपीच्या टेबलावर होत असतात, आणि एकदा प्लेट यंत्रावर चढली की त्यांतला एकही फुकटात बदलता येत नाही. पुढील विवेचनासाठी महाराष्ट्रातील शहरांत ठिकठिकाणी आढळणारा एक व्यवसाय उदाहरणादाखल घेतला आहे : दिवाळीचा फराळ करून विकणारा गृहउद्योग, ज्याला दरवर्षी चकली, अनारसे, करंज्या, चिवडा यांचे दरपत्रक, पाकिटांवरची लेबले आणि थोडी व्हिजिटिंग कार्डे एवढ्याच छापील साहित्याची गरज असते.

या हिशेबाचे मूळ एकक म्हणजे ताव. गिरणीतून ठरावीक मापात कापून येणाऱ्या कागदाच्या मोठ्या पानाला ताव म्हणतात, आणि अशा पाचशे तावांचा गठ्ठा म्हणजे रीम. आपल्याकडील छापखान्यांत १८ × २३ इंचांचा डेमी, २० × ३० इंचांचा डबल क्राऊन आणि २३ × ३६ इंचांचा डबल डेमी ही मापे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहेत. संगणकाच्या पडद्यावर मात्र ए-४ आणि ए-५ ही आंतरराष्ट्रीय मापे आयती मांडून ठेवलेली असतात, आणि पत्रकाची रचना करणारा सहसा त्यांतलेच एक उचलतो. ही दोन मापपद्धतींची कुटुंबे एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि ग्राहकाच्या नकळत होणारा पहिला मोठा खर्च नेमका या फटीत दडलेला असतो.

दरपत्रकासाठी ए-५ हा आकार, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, निवडला असे समजले, तर डेमी तावाच्या २३ इंची बाजूवर, म्हणजे सुमारे ५८४ मिलिमीटरांत, असे चार तुकडे शेजारी शेजारी बसवण्यासाठी ५९२ मिलिमीटर लागतात; केवळ आठ मिलिमीटर कमी पडल्यामुळे चौथा तुकडा बाहेर राहतो आणि सरळ कापणीत एका तावातून सहाच पत्रके निघतात. काही तुकडे आडवे आणि काही उभे मांडून आठ बसवता येतात हे खरे, परंतु तसे केल्यास यंत्राच्या पकडीसाठी, म्हणजे ताव ओढून नेणाऱ्या ग्रिपरसाठी, जी कोरी पट्टी सोडावी लागते तिला आणि कडेच्या छाटणीला पुरेशी जागा उरत नाही. याउलट पत्रकाचा आकार साडेपाच × साडेआठ इंच ठेवला, तर २३ इंचांत चार आणि १८ इंचांत दोन असे आठ तुकडे सरळ बसतात, दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा राहतो, आणि छापखान्यात ज्याला एक-अष्टमांश डेमी म्हणतात तो परिचित आकार मिळतो. दोन हजार पत्रकांना पहिल्या रीतीने ३३४ ताव लागतात आणि दुसऱ्या रीतीने २५०, म्हणजे बरोबर अर्धी रीम. वाचणाऱ्याच्या हातात हे दोन आकार ठेवले, तर त्यांतला फरक त्याला सांगूनही चटकन जाणवणार नाही. बिलात मात्र तो एक-तृतीयांश जास्तीच्या कागदाच्या रूपाने उतरतो. म्हणूनच आकार आधी ठरवून छापखान्यात जाण्याऐवजी ‘सध्या कोणत्या मापाचा ताव आहे आणि त्यात काय बसते’ असे प्रथम विचारणारा ग्राहक अर्धी लढाई जिंकलेला असतो, आणि मुद्रकालाही असा ग्राहक मनापासून आवडतो.

पार्श्वरंग पत्रकाच्या अगदी कडेपर्यंत नेण्याचा आग्रह याच हिशेबात आडवा येतो. रंग कडेला भिडवायचा असेल, तर छाटताना पांढरी रेघ दिसू नये म्हणून तो चहूबाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर बाहेर वाढवून छापावा लागतो. या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. शेजारच्या दोन पत्रकांमध्ये मग एका कापाच्या जागी दोन काप येतात आणि तावावरचा प्रत्येक इंच अपुरा पडू लागतो. चौफेर पांढरा समास ठेवलेली रचना या अडचणीतून मोकळी होते, आणि ती वाचायलाही अधिक शांत असते, असे देवनागरी मजकुराच्या बाबतीत तरी ठामपणे म्हणता येते, कारण शिरोरेघेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार असा तिचा पसारा असल्यामुळे तिला श्वास घ्यायला जागा लागतेच.

पाठपोट छपाईतही अशीच एक जुनी युक्ती आहे. तावावरच्या आठ जागांपैकी चार जागी पत्रकाची पुढची बाजू आणि चार जागी मागची बाजू अशी मांडणी करून ताव एकदा छापला, वाळल्यावर उलटवला आणि त्याच प्लेटांवर पुन्हा छापला, तर प्रत्येक पुढच्या बाजूच्या पाठीला तिची मागची बाजू येते. चाररंगी छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र प्लेट लागत असल्याने एरवी ज्या कामाला आठ प्लेटा लागल्या असत्या, ते चारांत भागते, आणि यंत्राची दुसरी जुळवणीही वाचते.

कागद वजनावर विकला जातो ही गोष्ट ग्राहकाच्या क्वचितच ध्यानात असते. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते या मापात, सांगतात. डेमी मापाची ७० जीएसएम कागदाची रीम सुमारे ९.३ किलो भरते आणि १०० जीएसएमची सुमारे १३.४ किलो, त्यामुळे किलोचा दर तोच राहिला तरी जाड कागदाच्या निवडीने कागदाचा खर्च चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. तरीही कागद नेहमी हलकाच घ्यावा असा याचा अर्थ नाही, कारण निवडीचा खरा आधार त्या कागदाचे पुढे काय होणार हा असतो. फराळाच्या दरपत्रकावर गिऱ्हाईक पेनाने खुणा करते, ‘चकली एक किलो’ असे लिहून ते परत पाठवते. गुळगुळीत लेप दिलेल्या आर्ट पेपरवर शाई पसरते, घसरते, आणि मॅपलिथो या बिनलेपाच्या साध्या कागदावर ती सहज मुरते. येथे स्वस्त कागद हाच योग्य कागद आहे. व्हिजिटिंग कार्डाची गोष्ट निराळी. ते पाकिटात महिनोन्‌महिने घासले जाते, म्हणून तेथे ३०० जीएसएमच्या आसपासचे कार्ड घेणे रास्त ठरते. अनेक ग्राहकांची कार्डे एकाच मोठ्या तावावर एकत्र छापण्याची जी पद्धत आज सर्वत्र आहे, तिच्यामुळे जाड कार्डही स्वस्तात पडते. मात्र शेजाऱ्याच्या कार्डावरील रंगाच्या ओढीने आपल्या कार्डाची छटा थोडी इकडेतिकडे होण्याची तयारी तेथे ठेवावी लागते.

प्रतींच्या संख्येचा प्रश्न सर्वांत फसवा आहे. ऑफसेट छपाईत प्लेटा करणे, त्या चढवणे, शाई आणि पाणी यांचा तोल साधणे आणि तो साधेपर्यंत काही ताव रद्दीत घालवणे हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच दहा हजार प्रतींना येतो. डिजिटल छपाईत प्लेटच नसल्यामुळे हा प्रारंभिक खर्च जवळजवळ नसतो, पण प्रत्येक प्रतीचा दर चढा आणि स्थिर राहतो. केवळ गणित समजावे म्हणून जुळवणीचे २,००० रुपये आणि पुढे प्रत्येक पत्रकाला एक रुपया असे धरले, तर ५०० प्रती पाच रुपयांना एक पडतात, २,००० प्रती दोन रुपयांना आणि ५,००० प्रती एक रुपया चाळीस पैशांना. डिजिटलचा दर सहा रुपये मानला, तर ४०० प्रतींच्या आत डिजिटल आणि त्यापुढे ऑफसेट किफायतशीर ठरते. उतरत जाणारा हा दर पाहून ग्राहक ५,००० प्रती मागवतो, ७,००० रुपये मोजतो, आणि दिवाळी संपते तेव्हा त्यांतील ३,००० प्रती माळ्यावर जातात. वापरलेल्या २,००० प्रतींवर तो खर्च वाटला, तर एक प्रत साडेतीन रुपयांना पडली, आणि २,०००च मागवल्या असत्या तर दोन रुपयांत काम झाले असते. म्हणून संख्या दरपत्रकाच्या वाटपावरून ठरवावी : वृत्तपत्र विक्रेत्याच्या लाइनीवर रोज किती अंक जातात, आसपासच्या सोसायट्यांमध्ये किती बिऱ्हाडे आहेत, गेल्या वर्षीची किती गिऱ्हाइके पुन्हा येणार आहेत, या बेरजेवरून. अंकात पत्रक घालण्याचा मोबदला वेगळा द्यावा लागतो, हेही त्याच बेरजेत धरलेले बरे.

फराळाचे दर दरवर्षी बदलतात, कारण डाळीचे पीठ, तेल, साखर, खोबरे यांपैकी काहीतरी महागलेलेच असते. व्यवसायाचे नाव, पत्ता, बोधचिन्ह आणि पदार्थांची यादी मात्र बदलत नाही. बदलणारा आणि न बदलणारा मजकूर एकाच छपाईत अडकवल्यामुळे दरवर्षी सगळेच नव्याने छापावे लागते. यावर छापखान्यांत पूर्वीपासून चालत आलेला उपाय असा की न बदलणारा भाग दोन-तीन वर्षांना पुरेल एवढा एकदाच रंगीत छापून घ्यावा, आणि दराचा रकाना कोरा ठेवून तो त्या त्या वर्षी मिनी ऑफसेटवर एका काळ्या रंगात भरून घ्यावा. लेबलांनाही हेच लागू पडते. पदार्थाचे नाव आणि तयार केल्याची तारीख रबरी शिक्क्याने उठवता येत असेल, तर चौदा पदार्थांची चौदा लेबले छापण्याचे प्रयोजन राहत नाही.

रंगाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. एकरंगी छपाई म्हणजे दरिद्री छपाई हा समज गेल्या काही दशकांतील चकचकीत छपाईने रुजवला, पण एकाच शाईचे बारीक ठिपके विरळ-दाट करून फिकट आणि गडद छटा मिळवता येतात, आणि ती शाई काळ्याऐवजी गडद तांबडी किंवा करडी तपकिरी घेतली, तर कागदाचा रंग हा दुसरा रंग म्हणून कामाला येतो. हळदी रंगाच्या कागदावर गडद तपकिरी अक्षर अतिशय देखणे दिसते. छपाईची शाई पारदर्शक असते हे मात्र विसरता कामा नये. त्याच हळदी कागदावर निळी शाई वापरली, तर ती हिरवट होऊन येते.

आणि तरीही आकार, कागद, संख्या, रंग या सर्वांत साधलेली बचत एका चुकीच्या आकड्याने शून्यावर येऊ शकते. फोन क्रमांकातील एक अंक चुकला, तर छापलेला सगळा गठ्ठा रद्दीच्या भावाचा होतो. मराठी मजकुराला याखेरीज एक स्वतःची व्याधी आहे : जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये किंवा युनिकोडचा जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, रफार एका अक्षराने सरकतो, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नाहीसा होतो, आणि फोनवरून पाठवलेला बिनचूक मजकूर छापखान्याच्या संगणकावर उघडताच विस्कटलेला दिसतो. म्हणून मजकूर पाठवताना त्याचे चित्रही सोबत पाठवावे, अंतिम रचनेतील अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करून घ्यावे, आणि मुद्रित, म्हणजे प्रूफ, पडद्यावर न तपासता कागदावर, खऱ्या आकारात, काढून तपासावे. तेही मजकूर लिहिणाऱ्याने एकट्याने नव्हे, कारण त्याचा डोळा स्वतःच्या मनातला शब्द वाचत असतो. खिळे जुळवण्याच्या काळात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचे अशी रीत होती. ती रीत सुटली याची हळहळ वाटते, कारण दहा मिनिटांच्या त्या वाचनाइतके स्वस्त असे या धंद्यात दुसरे काहीही नाही.

जे फेकले जात नाही ते छापणे, हा बचतीचा आणखी एक प्रकार. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या ज्या तत्त्वावर ती शिळा छापत होती, त्याच तत्त्वावर आजचे ऑफसेट चालते, आणि वर्षभर घरात राहणारी वस्तू छापण्यातले शहाणपणही तेव्हाइतकेच ताजे आहे. गणेशोत्सवात दुकानदार वाटतात ती आरतीसंग्रहाची पुस्तिका याचे उत्तम उदाहरण होय. डेमी ताव दोन्ही बाजूंनी छापून चार वेळा दुमडला की ३२ पानांची खिशात मावणारी पुस्तिका तयार होते. हजार पुस्तिकांना हजार ताव, म्हणजे दोन रिमा, वर मुखपृष्ठ आणि मध्ये दोन पिना. पाने ३४ किंवा ३६ झाली, तर उरलेल्या पानांसाठी वेगळा तुकडा आणि वेगळी जुळवणी लागते, म्हणून आरत्यांची निवड ३२ पानांत बसवणे हे संपादनाइतकेच हिशेबाचेही काम असते. पारंपरिक आरत्यांना स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही. गणपतीत वाटलेल्या या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फराळाची नोंदणी कधी सुरू होणार हे छापलेले असले, तर दिवाळीची जाहिरात दोन महिने आधीच घरोघरी पोहोचलेली असते, आणि तीही देवघरात.

वेळेचा हिशेबही याच क्रमात बसतो. गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि निवडणुका या हंगामांत छापखान्यांना उसंत नसते. श्रावणात दिलेले दरपत्रकाचे काम सावकाश, नीट जुळवून होते, आणि तेच नवरात्रात नेले, तर ते जसे जमेल तसे, बहुतेक वेळा महागड्या डिजिटलवर, उरकले जाते.

काम पूर्ण झाल्यावर त्यातील एक प्रत बाजूला काढून तिच्या पाठीवर तावाचे माप, जीएसएम, शाई, प्रतींची संख्या आणि छपाईचा दिवस लिहून ठेवण्याची सवय पुष्कळ छापखान्यांत आहे. ग्राहकाने तशीच एक प्रत घरी ठेवून तुळशीच्या लग्नानंतर तिच्यावर एक जास्तीचा आकडा लिहावा, तो म्हणजे माळ्यावर उरलेल्या प्रतींचा.