आईचा आवाज

परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर आईच्याच अक्षरात ‘भोंडल्याची गाणी, १९८६’. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. लगेच टेपरेकॉर्डरवर लावली, तर गाण्यापेक्षा खरखरच जास्त! दुकानात चौकशी केली. साफ करून द्यायचे आठशे रुपये म्हणे. मुकाट्यानं घरी परतले.

लेक म्हणाली, “आई, ‘ऑडॅसिटी’ वापर की. फुकट आहे.” हा प्रोग्रॅम २००० सालापासून मोफत मिळतो, हे मला कुठं ठाऊक! खर्च झाला तो एका वायरीचा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या मागच्या निळ्या ‘लाइन-इन’मध्ये ती जोडली. आधी प्रोग्रॅमचं लाल बटण दाबलं, मग कॅसेट सुरू केली. गाणं सुरू होण्यापूर्वीची नुसती खरखर दोन-तीन सेकंद निवडून त्याला ओळखायला दिली, की तीच खरखर तो सगळ्या गाण्यांतून कमी करतो.

मी हावरटपणे जरा जास्तच काढली, तर आई पत्र्याच्या डब्यातून गातेय असं वाटायला लागलं! नशीब, मूळ रेकॉर्डिंग वेगळं ठेवलं होतं. मैत्रिणींनो, तुम्हीही ठेवाच.

दुसऱ्यांदा बेतानं काढली. तेव्हा गाण्याच्या मध्येच पातेलं वाजलं, आणि आई माझ्यावर ओरडली, “अगं, दूध बघ!”

तेवढं मात्र मी पुसलं नाही.