तांदळाच्या डब्यातली गाठ

घिवलीचा खारा वारा लोखंड खातो. खिडकीचे गज, दाराच्या कड्या, पंख्याची पाती, सगळ्यांवर तांबेरा चढतो. पावसाळा सरला की भिंतींचे पोपडे आपसूक गळतात. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आईने मागच्या दोन खोल्या कामगारांना दिल्या होत्या. डिपॉझिट एक हजार. त्या नोटा ती रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायची. महिनाअखेरीला वाण्याची उधारी व्हायची, पण गाठ सुटायची नाही. "ते आपले नाहीत रे," एवढंच म्हणायची. भाडेकरू निघाला की वीजबिल बघून पैसे त्याच्या हातावर. गंजलेल्या गजांचा हिशेब तिने कुणाकडे मागितला नाही. समुद्र काय त्याने आणला होता?

२००५-०६मध्ये ती युनिटं सुरू झाली, कामगार पांगले. पुढे मी एमआयडीसीत लागलो आणि रात्रपाळीसाठी बोईसरला खोली घेतली. वीस हजार डिपॉझिट, करार तोंडी. सोडताना मालक टॉर्च घेऊन भिंतीभिंतीने फिरला. रंग, नळ, खिळ्यांची भोकं असे आठ हजार कापले. उरलेल्यांसाठी सात फेऱ्या. माझे पैसे कधीच त्याच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गेले होते. पैसे उरले नसले की भोकं फार दिसतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मला वकिलाने सांगितलं. पण तोवर मीच मालक झालो होतो, करार करायला गेलो होतो.

आई गेल्यावर मागच्या खोल्या पक्क्या बांधल्या. पहिल्या भाडेकरूचे पंधरा हजार चार महिन्यांत मुलीच्या फीला गेले. तो ओडिशाचा पोरगा निघतो म्हणाला, तसा मी खोलीत शिरलो. हातात टॉर्च होता. गजांवर बोट फिरवून म्हणालो, "हे असं नव्हतं." तो काही बोलला नाही. त्याच गजांतून बाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मित्राकडून उसने घेतले आणि वीजबिलाचे चारशे वजा करून बाकी सगळे त्याला दिले. गज घासून मीच रंगवले. यंदाच्या पावसानंतर रंग पुन्हा फुगलाय.