तेल नसलेले तेल

काही शब्द सोयीचे असतात आणि नेमके म्हणूनच घातक ठरतात. ‘ब्रेक ऑइल’ हा त्यांपैकीच एक. गॅरेजातला मिस्त्री तो म्हणतो, सुट्या भागांचा दुकानदार म्हणतो, आणि मराठीच्या प्राध्यापकालाही तो म्हटल्यावाचून गत्यंतर नसते. नाहीतर बाटली मिळत नाही! वास्तविक ते ऑइल नव्हेच. बहुतेक मोटारींत तो ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि खऱ्या तेलाशी त्याचे विळ्याभोपळ्याचे नाते असते. लक्षणा-व्यंजना कवितेत शोभून दिसतात. मोटारीच्या बॉनेटखाली मात्र अभिधाच बरी.

तुम्ही म्हणाल, क्लचच्या गोष्टीत हे ब्रेकचे पुराण कशाला? तर हायड्रॉलिक क्लचलाही बहुधा हाच द्रव लागतो म्हणून. मारुती 800 मध्ये पेडल आणि क्लच यांच्यामध्ये एक केबल असे. पुष्कळ गाड्यांत आता तिच्या जागी द्रवाने भरलेली नळी आली आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला रेटतो, तो दाब नळीतून पलीकडच्या स्लेव्ह सिलिंडरला पोचतो आणि क्लच सुटतो. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सांगितलेलेच हे तत्त्व. द्रव दबत नाही, म्हणून पायाचा निरोप जसाच्या तसा पोचतो. नळीत हवा शिरली की ती स्वतःच दबते आणि निरोप वाटेतच गिळून टाकते. मालक आणि गुलाम ही नावे मला मुळीच आवडत नाहीत. पण त्यांतला गुलाम मोठा खट आहे. कित्येक गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत दडून बसतो, आणि बिघडला की सबंध गिअरबॉक्स खाली उतरवायला लावतो.

या द्रवाची खोड मिठासारखी. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ना? हाही हवेतला ओलावा शोषून घेतो, पण गुपचूप. मग आतून सिलिंडर गंजतो आणि द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 जातीच्या कोऱ्या द्रवाचा हा बिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात शेकडा 3.7 इतके पाणी मुरले की 155 अंशांची हमी उरते. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. म्हणून साधारण दोन वर्षांनी तो बदलावा, असे पुष्कळ कारखाने सांगतात.

हे ‘डॉट’ म्हणजे टिंब नव्हे. अमेरिकेच्या परिवहन खात्याची ती इंग्रजी आद्याक्षरे. तरी टिंबाने घोटाळा केलाच आहे. डॉट 5.1 हा ग्लायकॉलच्या कुळातला, आणि नुसता डॉट 5 हा सिलिकोनचा. दोघांची सोयरीक होत नाही. अनुस्वाराने अर्थ फिरतो हे मुलांना पटवताना मला इतके चांगले उदाहरण व्याकरणात सापडलेले नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गाडीचे क्लच पेडल मऊ लागू लागले आणि रिव्हर्स टाकताना करकर ऐकू येऊ लागली. चार दिवसांनी कन्या आजीला घेऊन ताम्हिणी घाटाने माणगावला जायची होती. स्वतः गाडी चालवीत, पहिल्यांदाच. डबीतली पातळी उतरलेली दिसली, म्हणून आम्ही दोघे एका गॅरेजात गेलो. तिथला पोरगा लगबगीने स्टिअरिंगच्या लाल तेलाची बाटली घेऊन आला. मी हात आडवा धरला.

“सर, सगळं ऑइलच की!” तो म्हणाला.

झाकणावर स्पष्ट लिहिले होते, डॉट 4. ते लाल तेल आत गेले असते तर रबरी सील फुगून निकामी झाले असते. आणि आमच्या गाडीत क्लच व ब्रेक यांची डबी एकच! माझ्या डोळ्यांपुढे घाटातला उतार आणि मागे बसलेली आई उभी राहिली. काही गाड्यांच्या क्लचला खनिज तेलच लागते हेही खरे. पण ते झाकणाने सांगावे, पोऱ्याने नव्हे.

शेवटी वयस्क मिस्त्री पुढे आले. डबीतला द्रव कोऱ्या चहासारखा झाला होता. “नुसता भरून काय होणार? गेला कुठं ते बघू,” ते म्हणाले. हे वाक्य मला फार आवडले. ब्रेक पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते. पण पेडल मऊ झाले म्हणजे गळतीच शोधावी. स्लेव्ह सिलिंडर पाझरत होता, आणि सुदैवाने आमचा गुलाम बाहेर राहणारा निघाला. मिस्त्रींनीच दाखविले, की अशा सामाईक डबीत क्लचच्या नळीचे तोंड वरच्या अंगाला असते. गळती क्लचकडे असली तर आधी क्लच उपाशी राहतो, ब्रेकचा वाटा खाली शिल्लक राहतो. ज्याने ही डबी आखली त्याला माझा नमस्कार.

नवा सिलिंडर बसल्यावर हवा काढण्याचा सोहळा झाला. कन्या पेडलवर, मिस्त्री गाडीखाली. “दाबा… धरा!” की ते निपल उघडीत, बुडबुडे फसफसत बाहेर पडत, निपल बंद झाले की मगच “सोडा!” डबी रिकामी होऊ नये म्हणून वरून ओतण्याचे काम माझ्याकडे होते. एक थेंब फेंडरवर सांडला तेव्हा मिस्त्रींनी ओरडून पाणी ओतायला लावले, कारण हा द्रव रंग खातो. पंधरा-वीस दाबांनंतर पेडल पायाला नीट लागू लागले. कन्येने रिव्हर्स टाकून पाहिला, आवाज नाही.

पूर्वी, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकच्या बाल्यावस्थेत, या द्रवात एरंडेल आणि अल्कोहोल घालीत असत. हे ऐकून आईने नाक मुरडले. उरलेली अर्धी बाटली घरी आली तेव्हा सौभाग्यवतींनी ती माळ्यावर ठेवायला घेतली, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल म्हणून. उघडलेली बाटली हवा पिते, तोवर ती निरुपयोगी होईल, असे मी सांगितले. पण पैसे देऊन आणलेली वस्तू टाकायची कशी? दोन दिवस ती बाटली ओट्याच्या कोपऱ्यात वादविषय होऊन उभी होती. माणगावला निघताना कन्येने ती उचलली आणि वाटेत मिस्त्रींना देऊन टाकली.