केळापुरात नारळाचं झाड कुठून आलं?



चौथीच्या वर्गाला सांगून पाहा, "निसर्गचित्र काढा." दहा मिनिटांत सगळ्या कागदांवर एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि बाजूला नारळाचं झाड. आमच्या केळापूर तालुक्यात नारळ दिसतो तो देवळाजवळच्या दुकानात! इथली झाडं म्हणजे साग, मोह, पळस. आणि नजर जाईल तिकडे कापूस. मग हे चित्र कुणाचं? मुलांनी ते पाहिलेलं नसतं, दुसऱ्याचं बघून उतरवलेलं असतं.

यावर मला वाट सापडली ती जपानी छापचित्रांत. होकुसाई या चित्रकाराने 1831 च्या सुमारास, सत्तरी गाठल्यावर, फुजी पर्वताची 36 दृश्यं काढली. लोकांना ती इतकी आवडली की पुढे आणखी 10 आली. पर्वत एकच, पण तो कधी लाटेच्या मागे, कधी शेतापलीकडे. एका चित्रात तर भल्यामोठ्या लाकडी पिंपाच्या गोलातून इवलासा फुजी दिसतो आणि पिंप बनवणारा आपल्या कामात दंग आहे. चित्रकार रेखाटन करायचा, दुसरा कारागीर ते चेरीच्या लाकडावर कोरायचा, तिसरा छापायचा.

आम्ही फुजीच्या जागी शाळेजवळचं मोहाचं झाड घेतलं. प्रत्येकाने ते आपल्या घराच्या वाटेवरून बघायचं. कुणी बैलाच्या शिंगांमधून काढलं, कुणी कापसाच्या गाठोड्याआडून. मग ठसे केले, भेंडीचे आणि बटाट्याचे. बटाट्यावर 'अ' कोरला तर कागदावर तो उलटा उमटतो, हे पोरांनी स्वतः शोधलं. एकही नारळ आला नाही.

पुढचा विषय होता "माझ्या घरातली नक्षी". कोलाम पोडावरून येणाऱ्या एका मुलीने आजीच्या हातावरचं गोंदण काढलं. शेजारचा मुलगा हसला, तशी तिने कागद पालथा घातला. मंडळी, खरा प्रश्न इथे आहे. घरची भाषा, घरची नक्षी शाळेच्या दारात चपलेसारखी काढून ठेवायची, हे मूल किती लवकर शिकतं!

त्या दिवशी मी वर्गाला जनगढ सिंह श्याम यांच्याबद्दल सांगितलं. ते मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे, परधान समाजाचे. हा समाज आपल्याही तालुक्यात आहे. बाना वाजवत गोंडांच्या देवांच्या, घराण्यांच्या कथा गायच्या, हे परधानांचं पिढीजात काम. जनगढ यांनी त्या गाण्यांतले देव भिंतीवर आणि कागदावर उतरवले. भोपाळच्या भारत भवनात त्यांनी छापचित्रंही केली. 1989 साली त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. जपानमधल्या तोकामाची इथल्या मिथिला म्युझियमने त्यांना चित्रं काढायला बोलावलं. 2001 साली तिथेच त्यांचा मृत्यू झाला. पण त्यांनी सुरू केलेली चित्रशैली आज त्यांच्या समाजातले कितीतरी कलाकार पुढे नेत आहेत.

मुलीला विचारलं, "तुझं चित्र भिंतीवर लावू का?" ती म्हणाली, "घरी विचारतो मॅडम." तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "लावा. पण खाली आजीचं नाव लिहा."

एका पालकांनी विचारलं, "हे स्कॉलरशिपला येते का?" नाही येत. पण जे मूल स्वतःचं घर कागदावर आणायला लाजतं, ते वर्गात उत्तर द्यायलाही लाजतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

तुम्हीही करून पाहा. खर्च म्हणाल तर चार भेंड्या, दोन बटाटे आणि थोडा रंग. फक्त एक करा. फळ्यावर नमुना चित्र काढू नका. आणि कुणी कागद पालथा घातलाच, तर तो रागावून उलटू नका. आधी विचारा.