थंडीतला गळ

आमच्या खाडीकाठी गळाला लागलेल्या माशाबद्दल एकच कायदा होता, आणि तो आमच्या वडिलांनी केलेला होता. बोटाएवढे पोर असले तर परत पाण्यात. मोठा असला तर घरी, तव्यावर. तोच मी माझ्या मुलाला शिकवला. पुढे तो अमेरिकेत टेक्सासमध्ये स्थायिक झाला, आणि २०१६ च्या जानेवारीत लेक फोर्क नावाच्या तळ्यावर त्याच कायद्यावरून आम्हां बापलेकांत जुंपली.

तळे म्हणायचे, पण आहे धरण. डॅलसच्या पूर्वेला, सबाइन नदीला मिळणारा एक ओढा अडवून १९८० मध्ये झालेले. सुमारे २७ हजार एकर पाणी. बुडणाऱ्या रानातली झाडे बरीचशी तशीच उभी ठेवली होती. सकाळच्या धुक्यात त्यांचे करडे खुंट पाण्यावर दिसतात आणि वठलेल्या रानातून होडी हाकतो आहोत असा भास होतो. थंडी बर्फाची नव्हे, वाऱ्याची. तासाभरात बोटांना दोरी कळेनाशी झाली.

हिवाळ्यात इथे दोन माशांसाठी माणसे येतात. एक बास, रुंद जबड्याचा. थंड पाण्यात तो सुस्तावतो, त्याच्या तोंडापुढे आमिष हळूहळू नाचवावे लागते. दुसरा क्रॅपी. पापलेटासारखा चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके, आणि ओठ इतके पातळ की हिसका दिला तर गळ फाडून निघून जातो. थंडीत तो ३०-४० फूट खोल, बुडालेल्या झाडांपाशी थव्याने राहतो. बारका जिवंत मासा लावून दोरी सरळ खाली सोडायची आणि बसायचे. गप्पिष्ट माणसाचे हे काम नव्हे. जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर नावाचे गृहस्थ इथेच असे क्रॅपीसाठी बसले असता त्यांना १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा, बास लागला आणि राज्याचा विक्रम झाला. मागावा मुरमुरा आणि मिळावा लाडू, तसे!

आम्हांलाही बास लागला. वीस इंचांचा, डौलदार. मी मनात मसाला वाटू लागलो, तोच मुलाने त्याला पट्टीवर ठेवले आणि अलगद पाण्यात सोडले. सोळा ते चोवीस इंचांमधला बास या तळ्यात ठेवता येत नसे. विणीचा ऐवज तो. तेही एक वेळ चालले. पण मग मला तळहाताएवढासुद्धा नसलेला क्रॅपी लागला. मी तो सोडायला वाकलो.

"बाबा, तो सोडायचा नाही."

"अरे, पोर आहे ते!"

"असू दे. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे क्रॅपी लागला की ठेवावाच लागतो. केवढाही असो. माणशी पंचवीस झाले की गळ गुंडाळायचा."

कारण त्याने शांतपणे सांगितले. एवढ्या खोलातून मासा झटकन वर आला की पाण्याचा दाब उतरतो आणि पोटातली हवेची पिशवी फुगते. मग सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही. पुष्कळदा तो पाण्यावर तरंगून मरतो. मोठ्यांच्या आशेने लहान सोडत राहिले तर घरी जायचे पंचवीस आणि मेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवायची? मार्च आला की मासे उथळ पाण्यात येतात, तेव्हा दहा इंचांखालचे सोडायचे.

मला विचाराल तर हा कायदा मला अजून आवडलेला नाही. पटला मात्र आहे. आमच्या वडिलांचा कायदा गुडघाभर पाण्याचा होता. तिथे सोडलेले पोर शेपटी मारून जाताना दिसे.

मुलगा दहा वर्षांचा असताना त्याने धरलेली पहिली बोय मी अशीच सोडायला लावली होती. फार रडला होता तेव्हा. त्याला ते आठवत होते की नाही, मी विचारले नाही. त्याने हात पुढे केला. मी मासा त्याच्या हातात दिला आणि त्याने तो पेटीत ठेवला. बराच वेळ आम्ही दोघेही दोरीकडे पाहत होतो.

दिवसाकाठी अकरा झाले. संध्याकाळी सुनेने ते तांदळाच्या पिठात घोळून तळले. सगळ्यांत लहान होता तो मी माझ्या ताटात मागून घेतला. काटे बारीक होते. सावकाश काढत बसलो.